वाचक विचारतात : कॉलेजचा वाइड रिसीव्हर पारखायचा कसा?

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम, पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस ही नावं आपसूक तोंडी येतात. या वेळच्या पत्रांत मात्र दुसऱ्याच फुटबॉलची चौकशी आहे. अमेरिकेतल्या एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस होतो. 32 संघ, 7 फेऱ्या, आणि कॉलेजांतून आलेल्या पोरांची एकेक करून निवड. पहिली फेरी आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते, आणि ती जागून बघणारी मंडळी आता पेठापेठांत आहेत. सगळ्यात जास्त पत्रं आली ती वाइड रिसीव्हरवर, म्हणजे डाव जिथून सुरू होतो त्या रेषेवरून सुटून पळणाऱ्या आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणाऱ्या गड्यावर. या सदरात फुटबॉल म्हणजे हाच अमेरिकन फुटबॉल समजावा.

माझा मुलगा एका कॉलेज रिसीव्हरचे झेल मोबाइलवर दाखवतो. एका हातानं घेतो, दोघांच्या डोक्यावरून घेतो, बघून लई भारी वाटतं. पण एवढ्यावरून हा गडी एनएफएलमध्ये चालेल असं म्हणता येतं का? — शिवाजी पेठ

नाही. त्या व्हिडिओत झेल आहेत, आणि रिसीव्हरचं काम झेलाच्या आधी होतं. नियमित खेळणारा कॉलेज रिसीव्हर एका हंगामात साडेतीनशे-चारशे वेळा तरी ठरलेल्या वाटेनं पळतो. या वाटेला 'रूट' म्हणतात. त्यातल्या चारपैकी तीन वेळा चेंडू त्याच्याकडे येतही नाही. उरलेल्या एका वेळेतले निवडक पंधरा-वीस झेल म्हणजे तुमच्या मुलाच्या मोबाइलवरचा व्हिडिओ.

दुसरं असं की, दोघांच्या डोक्यावरून झेल घ्यावा लागला म्हणजे ते दोघं त्याला चिकटलेले होते. का चिकटले? समोरचा कॉर्नरबॅक (थोडक्यात कॉर्नर), म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, कॉलेजातला, कदाचित पुढे कधीच एनएफएलमध्ये न जाणारा. त्याच्यापासून जो सुटू शकत नाही, त्याला व्यावसायिक कॉर्नरपासून सुटणं दसपट अवघड. हवेतली झुंज जिंकणं हा गुण आहेच, पण झेलांतले निम्मे झेल तसेच असतील तर तो दोषाचा पुरावा समजावा.

मग बघायचं कसं? पाच सामने निवडा. दोन सगळ्यात तगड्या बचावाविरुद्धचे, एक ज्यात त्याला दोन-तीनच झेल मिळाले तो, एक पावसातला किंवा दुय्यम क्वार्टरबॅकबरोबरचा, आणि एक साधा. प्रत्येक डाव निदान तीनदा मागे घेऊन बघा.

पहिल्यांदा फक्त पाय बघा, स्नॅपपासून (चेंडू मागे देऊन डाव सुरू होतो तो क्षण) पहिल्या 5 यार्डांपर्यंत. कॉर्नर अगदी हाताच्या अंतरावर उभा असतो त्याला 'प्रेस' म्हणतात. कुस्ती बघणाऱ्याला हा भाग लगेच कळेल, कारण ही खडाखडीच आहे. कॉर्नरला छातीवर हात टाकायचा असतो, रिसीव्हरला तो हात झटकून खांदा पुढे काढायचा असतो. तीन चुका शोधा. एक, स्नॅप होताच मागचा पाय आणखी मागे जातो का? पुढं जायच्या आधी मागं टाकलेलं हे पाऊल म्हणजे फुकट गेलेला वेळ. दोन, तो जागेवरच चार-पाच पावलं नाचतो का? हुलकावणी छान दिसते, पण क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू अडीच-पावणेतीन सेकंदांत सुटतो. त्यातला एक सेकंद नाचण्यात गेला तर रूट पुरा होत नाही. तीन, सुटताना तो साइडलाइनकडे ढकलला जातो का? रिसीव्हर आणि साइडलाइन यांच्यात चार-पाच यार्डांची मोकळी पट्टी राहिली पाहिजे. ती संपली की चेंडू टाकायला जागाच उरत नाही आणि कॉर्नरला साइडलाइन हाच दुसरा बचावपटू मिळतो.

दुसऱ्यांदा बघताना नजर कॉर्नरच्या कमरेवर ठेवा. रिसीव्हर सरळ धावत येतो तेव्हा कॉर्नर घाबरून पाठ फिरवतो का? पाठ फिरली म्हणजे रिसीव्हरनं त्याला लांबच्या चेंडूची भीती दाखवली. चांगला रिसीव्हर प्रत्येक रूटची सुरुवात सारखीच करतो: तोच वेग, तोच झुकाव. कच्चा गडी लांबच्या रूटला जोरात पळतो आणि आखूड रूटला निम्म्या वेगानं. दोन-तीन डावांत कॉर्नरला ते कळतं आणि तो वळणावर आधीच येऊन उभा राहतो.

तिसऱ्यांदा वळण बघा. इथं सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं आमचं मत आहे. उदाहरणाला 'कर्ल' घ्या. 12 यार्ड सरळ पळायचं, थांबायचं आणि क्वार्टरबॅककडे वळायचं. व्हिडिओ थांबवत पावलं मोजा. पूर्ण वेगातून तीन पावलांत थांबला तर उत्तम. पाच-सहा लागली तर तेवढ्यात कॉर्नर पोचतो. थांबताना गुडघे वाकून कंबर खाली बसली पाहिजे आणि छाती गुडघ्यांच्या वर राहिली पाहिजे. छाती आधीच सरळ झाली, हात धावण्याची लय सोडून पसरले, की 'मी आता थांबणार' असं त्यानं कॉर्नरला ओरडून सांगितल्यासारखं होतं. उंच पोरांत हा दोष फार दिसतो, कारण लांब पायांवरचं वजन खाली आणायला वेळ लागतो. आणि वळल्यावर तो जागेवर उभा राहून वाट बघतो, की चेंडूच्या दिशेनं एक-दोन पावलं परत येतो? उभा राहिला तर कॉर्नरचा हात मागून पुढं येतो आणि चेंडू उडतो.

एवढं झालं की मग झेल बघा. आणि शेवटी, चेंडू त्याच्याकडे न आलेले डाव बघा. चेंडू न फेकता तो घेऊन पळण्याचा डाव असताना समोरच्याला अडवतो की बाजूला उभा राहतो, हे प्रशिक्षक फार बारकाईनं बघतात.

एक अडचण आहे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूबरोबर फिरतो, त्यामुळे रिसीव्हर बराच वेळ पडद्याबाहेर असतो. संघांचे पारखी 'ऑल-22' फिल्म बघतात, त्यात वरून सगळे 22 खेळाडू दिसतात. ती मिळाली नाही तर सामन्यातला रिप्ले आणि गोलच्या मागच्या कॅमेऱ्याची दृश्यं शोधा. दहा मिनिटांच्या झेलांपेक्षा ती दोन मिनिटं जास्त सांगतात.

पाहिलेलं वहीत टिपायचं कसं? 'चांगला', 'बरा' एवढंच लिहून होतं. — कसबा बावडा

विशेषण लिहू नका, घडलं ते लिहा. एका डावाची नोंद अशी दिसावी, खेळाडू काल्पनिक आहे: 'तिसरा डाउन (तिसरा प्रयत्न), 7 यार्ड घ्यायचे बाकी. डावीकडे बाहेर, रेषेवर. कॉर्नर प्रेस, आतल्या बाजूला उभा. पहिलं पाऊल पुढं. उजव्या हातानं कॉर्नरचा हात खाली झटकला. बाहेरून सुटला, साइडलाइनपासून 5 यार्ड राखले. 11 यार्डांवर तीन पावलांत थांबला, छाती खाली. चेंडूकडे दोन पावलं आला. चेंडू आला नाही.' झेल नाही, आकड्यांत शून्य, पण हा डाव रिसीव्हरनं जिंकला. असे साठ-सत्तर डाव लिहून झाले की नमुना वर येतो: प्रेस समोर असताना किती वेळा सुटला, कोणत्या रूटवर पावलं वाढतात, थकल्यावर चौथ्या सत्रात काय बिघडतं.

40 यार्डांची धाव 4.3 सेकंदांत पळाला म्हणून लगेच वरच्या फेरीत नाव. वेगाला एवढं महत्त्व द्यावं का? — राजारामपुरी

द्यावं, पण कशासाठी ते समजून. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिसला 'कम्बाइन', म्हणजे ड्राफ्टआधीची चाचणी, भरतं. तिथं बंदिस्त मैदानात, कृत्रिम गवतावर, अंगावर संरक्षक साहित्य न घालता ही धाव होते. 40 यार्ड म्हणजे 36.58 मीटर. शेवटाला गडी सेकंदाला जवळपास 10 मीटर पळत असतो, म्हणून 4.4 आणि 4.5 यांतला फरक सुमारे एक मीटर. लांब चेंडूवर एक मीटर पुष्कळ झाला. पण 12 यार्डांच्या कर्लवर तो मीटर कामाचा नाही. तिथं थांबता आलं पाहिजे.

नोंदी बघा. 2017 मध्ये जॉन रॉस 4.22 पळाला, तो तेव्हाचा विक्रम. सिनसिनाटीनं त्याला 9 व्या क्रमांकावर घेतलं. दुखापतींनीही त्याला ग्रासलं, पण एकाही हंगामात तो झेलांतून मिळवलेल्या हजार यार्डांच्या जवळ गेला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या लहान कॉलेजातला कूपर कप 4.62 पळाला आणि 69 वा निवडला गेला. त्यानं 2021 मध्ये 145 झेल, 1,947 यार्ड आणि 16 टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्टीत नेणं) घेत तिन्ही यादींत पहिला क्रमांक मिळवला. जेरी राइस 1985 मध्ये 16 वा गेला. त्याच्या वेगावर तेव्हा शंका घेतल्या गेल्या होत्या. त्याचे कारकिर्दीतले 22,895 यार्ड आजही कुणाला गाठता आलेले नाहीत. रॉसचा विक्रम 2024 मध्ये झेवियर वर्दीनं 4.21 पळून मोडला, आणि त्याला 28 व्या क्रमांकावर घेतलं गेलं. 2017 मध्ये 9 वा आणि 2024 मध्ये 28 वा. वर्दी अंगानं बारीक होता हे खरं, तरी संघ नुसत्या वेगाचे पैसे पूर्वीसारखे मोजत नाहीत असं आम्हाला वाटतं.

आमच्या मते 40 यार्डांपेक्षा त्यातले पहिले 10 यार्ड जास्त बोलतात, म्हणजे 9.14 मीटर. बहुतेक रूट 15 यार्डांच्या आतच वळतात, तेव्हा झटक्यात वेग घेणं हा रोजचा उपयोग.

आणि कुठली वेळ आहे ते विचारा. कम्बाइनमध्ये सुरुवात माणूस बटण दाबून करतो आणि शेवट यंत्र टिपतं. कॉलेजच्या आपल्या मैदानावर जो 'प्रो डे' होतो, तिथं बहुधा हातातल्या घड्याळावर वेळ घेतात. ती जरा कमीच येते. दोन वेगळ्या मोजणीच्या वेळा शेजारीशेजारी लिहून तुलना करू नका.

थ्री-कोनमध्ये, म्हणजे तीन शंकूंभोवती वळत पळायच्या चाचणीत, वाईट वेळ आली म्हणजे गडी बाद का? — उचगाव

नाही. डीके मेटकाफ 2019 मध्ये 4.33 पळाला आणि थ्री-कोनला त्याला 7.38 सेकंद लागले, रिसीव्हरसाठी ही फारच संथ वेळ. तो 64 व्या क्रमांकापर्यंत घसरला आणि दुसऱ्याच हंगामात 1,303 यार्ड घेतले. सिॲटलनं त्याच्याकडून सरळ रेषेतली कामं करून घेतली. थ्री-कोन वाईट असेल तर इतकंच करा: फिल्ममध्ये परत जाऊन कर्ल आणि कमबॅकवरची (थांबून साइडलाइनकडे मागे वळायचा रूट) पावलं पुन्हा मोजा.

कॉलेजात 1,250 यार्ड घेणारा मोठा की 1,100 घेणारा? आकडे बघून काही ठरवता येतं का? — इचलकरंजी

नुसत्या यार्डांवरून नाही, भागाकार करावा लागतो. काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या गड्याचे 1,250 यार्ड, त्याच्या संघानं हवेतून घेतलेले एकूण 4,400. वाटा आला 28 टक्के. दुसऱ्याचे 1,100, संघाचे 3,000. वाटा जवळपास 37 टक्के. दुसऱ्याच्या संघात सगळा बचाव त्याच्यावरच डोळा ठेवून होता, तरी त्यानं एवढं घेतलं.

पुढचा भागाकार रूटचा. पहिला 560 रूट पळाला तर प्रत्येक रूटमागे 2.23 यार्ड. दुसरा 380 पळाला तर 2.89. हा आकडा आम्हाला सगळ्यांत भरवशाचा वाटतो, कारण भरभर डाव टाकणाऱ्या संघातल्या रिसीव्हरला फुकटची संधी मिळते ती यात वजा होते. कॉलेजात 2 च्या वर बरा, 3 च्या आसपास असामान्य.

मग यार्डांतून स्क्रीन पास काढा. स्क्रीन म्हणजे रेषेच्या मागेच जवळून फेकलेला चेंडू, पुढं सहकाऱ्यांची भिंत. त्यात पळण्याचं कसब दिसतं, बचावापासून सुटण्याचं नाही. एखाद्याचे तिसरा हिस्सा झेल स्क्रीनचे असतील तर रूटचे आकडे नव्यानं मांडा.

झेल सोडण्याचं प्रमाण काढताना सोडलेले चेंडू भागिले झेललेले अधिक सोडलेले, असा हिशेब करा. 70 झेल आणि 6 सोडलेले म्हणजे 76 पैकी 6, साधारण 8 टक्के. एका हंगामाचा हा आकडा फार हलता असतो, दोन-तीन हंगाम एकत्र धरल्याशिवाय मत बनवू नये.

वय हा आकडा मात्र लोक विसरतात. 19 व्या वर्षी संघाचा पहिला रिसीव्हर होणं आणि 23 व्या वर्षी होणं यांत फार अंतर आहे. 23 चा गडी 19 च्या पोरांविरुद्ध खेळत असतो, अंगानंही भरलेला असतो. जमार चेस 2019 च्या हंगामात 19 वर्षांचा होता, तेव्हा त्यानं 1,780 यार्ड आणि 20 टचडाउन घेतले. पुढचा हंगाम तो खेळलाच नाही, तरी 2021 मध्ये 5 वा गेला. अलीकडे वय जास्त तपासावं लागतं. 2020 च्या साथीमुळे त्या वेळच्या खेळाडूंना एक जादा वर्ष मिळालं, आणि आता कॉलेजातच नावावर पैसे मिळत असल्यानं बरेच जण पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत थांबतात. प्रत्येक हंगामाच्या आकड्यापुढे त्या वेळचं वय लिहून ठेवायची सवय लावा.

मैदान तेच, चेंडू तोच, मग कॉलेजातला हिरो तिकडं जाऊन का पडतो? — गडहिंग्लज

मैदान तेच, पण त्यावरच्या खुणा वेगळ्या, आणि नियमही. मैदानाची रुंदी 160 फूट. मधल्या खुणांच्या दोन रांगांत, म्हणजे हॅशमार्कमध्ये, कॉलेजात 40 फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच. डाव जिथं संपतो त्याच्या जवळच्या हॅशवर चेंडू ठेवतात. कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की रुंद बाजूला 100 फूट मोकळे मिळतात. एनएफएलमध्ये जास्तीत जास्त 89 फूट 3 इंच. जवळपास 11 फूट कमी. कॉलेजात रुंद बाजूला एकटा सोडलेला वेगवान गडी नुसत्या जागेवर यार्ड घेतो. तिकडं ती जागा आक्रसते आणि सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, मदतीला लवकर पोचतो.

झेलाचा नियमही बघा. कॉलेजात एक पाय रेषेच्या आत पडला तरी झेल धरतात. एनएफएलमध्ये दोन्ही पाय लागतात. म्हणून साइडलाइनवरचा प्रत्येक झेल थांबवून दुसरा पाय कुठं पडला ते बघा. काही पोरं कॉलेजातही सवयीनं दोन्ही पाय ओढतात. ही खूण मोलाची आहे, कारण पुढचा नियम त्यांनी आधीच अंगी बाणवलेला असतो. तसंच कॉलेजात झेल घेऊन गुडघा टेकला की डाव संपतो, मग कुणी शिवलेलं असो वा नसो. एनएफएलमध्ये न शिवता पडलेला गडी उठून पळू शकतो.

धक्काबुक्कीचा नियम तर उलटाच वाटेल. कॉलेजात चेंडू हवेत जाईपर्यंत समोर आलेल्या रिसीव्हरला अंगानं अडवायची बरीच मुभा असते. एनएफएलमध्ये पहिल्या 5 यार्डांपलीकडे तसा स्पर्श दंडाला पात्र. कागदावर तिकडं सोपं. पण त्या 5 यार्डांतच व्यावसायिक कॉर्नर सगळं उरकतात. त्यांचे हात लांब, पाय संथ होत नाहीत, आणि एकदा छातीला हात लागला की रूटची वेळ मोडते. शिवाय कॉलेजातले बरेच संघ रिसीव्हरला तीन जणांच्या झुंबडीत उभं करून किंवा स्नॅपच्या आधी पळवत आणून प्रेसपासून वाचवतात. तेव्हा हे मोजा: पाच सामन्यांत तो रेषेवर, एकटा, प्रेससमोर किती वेळा उभा राहिला? दहाच वेळा असेल तर तुम्हाला त्याच्याबद्दल सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अजून ठाऊक नाही. अशा गड्यासाठी अलाबामातल्या मोबाइल शहरी होणाऱ्या सीनियर बोलचा, म्हणजे ड्राफ्टला निघालेल्या कॉलेज खेळाडूंच्या सामन्याचा, सराव बघावा. तिथं रिसीव्हर आणि कॉर्नर एकास एक भिडतात, लपायला जागा नसते.

आणि रूट मोजा. रूटना 0 ते 9 आकडे असतात. रूढ मांडणीत विषम आकडे बाहेरच्या बाजूला वळतात, सम आत, आणि 9 म्हणजे सरळ लांब. काही कॉलेजांत रिसीव्हर एकाच बाजूला उभा राहतो आणि चार-पाचच रूट पळतो. त्याला बाकीचे येत नाहीत असं नाही, पण ते त्यानं कुणाला दाखवलेले नाहीत. अहवालात 'येत नाही' आणि 'दिसलं नाही' हे वेगळं लिहा.

हाताचा पंजा मोठा असला की झेल सुटत नाहीत म्हणतात. खरं का? — मंगळवार पेठ

पंजा अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणून मोजतात. 9 इंचांच्या वर असला तर संघ निश्चिंत असतात. पावसात आणि थंडीत मोठ्या पंजाचा फायदा होतो, पण बहुतेक सुटलेले झेल पंजामुळे सुटत नाहीत. चेंडू 14 ते 15 औंसांचा, म्हणजे 400 ग्रॅमच्या आसपास, टोकदार आणि गिरक्या घेत येणारा. तो का सुटला ते तीन गोष्टींत शोधा.

पहिली, डोळे. चेंडू हातात बसायच्या आधीच नजर पुढं पळायच्या वाटेकडे गेली तर चेंडू बोटांना लागून निसटतो. ही चूक सुधारते. दुसरी, हातांची ठेवण. छातीच्या वर चेंडू आला तर अंगठे एकमेकांजवळ, कमरेखाली आला तर करंगळ्या एकमेकांजवळ. जो गडी पोटाजवळच्या चेंडूला कुठली ठेवण घ्यावी यात अडखळतो, त्याचे तिथलेच झेल सुटतात. तिसरी, अंगावर घेण्याची सवय. हात पुढं न काढता चेंडू छातीवर येऊ देणारा गडी कॉलेजात निभावतो. एनएफएलमध्ये चेंडू छातीपर्यंत यायच्या आत मागचा हात मध्ये घुसतो. पहिल्या प्रकारचे दहा सुटलेले झेल आम्हाला चालतील, तिसरी सवय असलेला गडी मात्र एकही झेल न सोडता खेळला तरी आम्हाला काळजीत टाकतो.

77 किलोचा गडी तिकडच्या मारात टिकतो का? — ताराबाई पार्क

टिकतो. डेव्होंटा स्मिथ साधारण तेवढ्याच वजनाचा. 2020 च्या हंगामासाठी त्यानं हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवली आणि 2021 मध्ये फिलाडेल्फियानं त्याला 10 वा घेतला. तो टिकला कारण त्याला प्रेसमध्ये पकडताच येत नव्हतं. बारीक गड्याची फिल्म बघताना एवढंच तपासा की रेषेवर हात लागल्यावर त्याची वाट किती हलते.

एवढं सगळं तपासूनही संघ चुकतात ते कसं? — रंकाळा परिसरातून एक विद्यार्थिनी

कारण गुण देणं आणि क्रमांक देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2020 मध्ये जस्टिन जेफरसन 22 व्या क्रमांकावर गेला. त्याच्याआधी चार रिसीव्हर निवडले गेले होते. एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) शेवटच्या हंगामात त्यानं 111 झेल आणि 1,540 यार्ड घेतले होते, पण तो मुख्यतः स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूला खेळला होता. बाहेर, रेषेवर जमेल का, ही शंका होती. मिनेसोटासाठी पहिल्याच हंगामात 1,400 यार्ड. ही शंका 'दिसलं नाही' या प्रकारची होती आणि तिला 'येत नाही' समजलं गेलं, असं आमचं मत. त्याची वळणं फिल्ममध्ये सगळ्यांना दिसत होती.

2021 मध्ये अमॉन-रा सेंट ब्राउन 112 वा गेला, त्याच्याआधी 16 रिसीव्हर. 2023 मध्ये पुका नाकुआ 177 वा, आणि पहिल्याच हंगामात 1,486 यार्ड, नवोदित खेळाडूचा विक्रम. दोघंही धावेच्या घड्याळावर नजरेत भरणारे नव्हते. दोघंही आखूड जागेत सुटतात, झोन बचावातली (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) मोकळी फट ओळखून तिथं थांबतात, आणि झेलानंतर पहिल्या धक्क्याला पडत नाहीत.

आपल्याला घरबसल्या दोन गोष्टी कधीच दिसत नाहीत: डॉक्टरी तपासणी आणि मुलाखत. गुडघ्याच्या जुन्या शस्त्रक्रियेमुळे गडी दोन फेऱ्या खाली जाऊ शकतो, आणि मुलाखतीत फळ्यावर डाव काढायला सांगतात तेव्हा त्याला बचाव वाचता येतो का हे कळतं. म्हणून क्रमांकाचं भाकीत करण्यापेक्षा, कोणत्या जागेवर, कोणत्या कामासाठी चालेल, ते लिहावं.

आमच्या मंडळातली पोरं-पोरी फ्लॅग फुटबॉल सुरू करतायत. हीच मापं मैदानावर घेता येतील का? — फुलेवाडी

येतील, आणि खर्च फक्कीचा आणि मोजपट्टीचा. फ्लॅग फुटबॉलमध्ये अंगाला भिडायचं नसतं, चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरेची पट्टी ओढली की डाव संपतो. एका बाजूला 5 खेळाडू. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दोन्ही गटांत हा खेळ आहे.

फक्कीनं सुरुवातीची रेषा मारा, मग 9.14 मीटर आणि 36.58 मीटरवर. हातातल्या घड्याळावर वेळ घेऊ नका, फोनवर व्हिडिओ काढा. साध्या व्हिडिओत सेकंदाला 60 चित्रं असली तर एक चित्र म्हणजे 0.017 सेकंद, स्लो मोशनला 240 असली तर 0.004. पहिला हात हलला ते चित्र आणि छाती रेषेवर आली ते चित्र, मधली चित्रं मोजून 60 नं किंवा 240 नं भागा. फोनमधून खूण तिरकी दिसत असेल तर चूक इथं होते: शेवटच्या खुणेवर छाती नेमकी कधी आली ते कळत नाही. त्यावर उपाय असा की, पळण्याच्या पट्टीवर खुणेशी एक काठी धरा, फोनमधून बघत तिच्या सरळ रेषेत अलीकडे दुसरी काठी रोवा, मग पहिली काढून घ्या. छाती रोवलेल्या काठीमागे आली की वेळ संपली. फोन तिपाईवर पक्का ठेवा, धावा संपेपर्यंत हलवू नका.

थ्री-कोनसाठी तीन शंकू काटकोनात, मधल्यापासून दोन्हीकडे 4.57 मीटर. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पळून जमिनीला हात लावायचा, परत पहिल्याशी येऊन हात लावायचा. पुन्हा दुसऱ्याकडे जाऊन त्याला बाहेरून वळसा, तिसऱ्याला आतून शिरून पूर्ण फेरा, परत दुसऱ्याच्या बाहेरून पहिल्याकडे. शंकू पडला तर धाव बाद.

प्रत्येकाला दोन संधी, मध्ये निदान चार-पाच मिनिटांची विश्रांती, बूट तेच. पावसाळ्यात ओल्या मैदानावरचे आकडे वेगळ्या पानावर लिहा, ते कोरड्या मैदानाशी जोडू नका. कम्बाइनच्या आकड्यांशी तर नकोच. दर सहा आठवड्यांनी त्याच पोराच्या आधीच्या आकड्याशी तुलना करा.

आणि फक्कीची आणखी एक रेषा मारा, सुरुवातीपासून 11 मीटरवर. पूर्ण वेगात येऊन त्या रेषेवर पहिलं थांबायचं पाऊल टाकायचं आणि मागे वळायचं. रेषेपलीकडे किती पावलं गेली ती मोजा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला सुरुवातीला पाच-सहा लागतात. गुडघे वाकवून, कंबर बसवून, आठवड्याला दोन दिवस, दिवसाला आठ-दहा वेळा, त्याहून जास्त नको, कारण थकल्यावर गुडघ्यावर ताण येतो आणि चुकीची सवय लागते. तीन पावलांवर आला की मग चेंडू फेकायला सुरुवात करा.